कासवांचे वेळास आणि पिंगळ्याचा सातपुडा

दिवाळीची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याच्या गाड्या कोकणाकडे निघतात. निसर्ग पाहायचा तर समुद्रकिनारीच, असे आपल्या मनाने घेतले आहे. कोकणात जरूर जावे. फक्त परतताना तिथल्या एका गावाची रीत सोबत आणावी.

ते गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली. अंडी किनाऱ्यावरच कुंपणाच्या आत पुन्हा पुरायची, साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले निघाली की पाण्याकडे सोडायची. पिल्लांना समुद्राची दिशा उजेडावरून कळते, म्हणून किनाऱ्यावर झगमगाट चालत नाही. ती पाहायला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, जेवतात. अंडी विकून मिळायचे त्यापेक्षा पिल्ले दाखवून मिळणारे बरे, हा हिशेब गावाला पटला. वेळापत्रक कासवांचे, पाहुण्यांनी त्याप्रमाणे यायचे.

‘पण आपल्याकडे समुद्र कुठे आहे?’ समुद्र नाही, रानपिंगळा आहे.

या छोट्या घुबडाचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ मध्ये ब्रिटिश सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केला. त्यानंतर पक्षी जणू गडप झाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता, त्यामुळे शोध तिकडेच भरकटला. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासून दाखवले, की तो नमुना डेव्हिडसनचाच, चोरून नवी चिठ्ठी लावलेला! मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागे गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ एका झाडावर तो बसलेला दिसला, ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये. पुढे यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली. इतर घुबडांसारखा हा फक्त रात्रीचा नाही. भर दिवसा शिकार करतो. सरडे, उंदीर, नाकतोडे खातो आणि झाडाच्या ढोलीत घरटे करतो. आज तो जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो.

मात्र वेळासची नक्कल इथे करून चालणार नाही. तिथे कुंपणातल्या अंड्यांतून आलेली पिल्ले शंभर माणसे लांब उभी राहून पाहू शकतात. रानपिंगळ्याच्या ढोलीखाली दहा कॅमेरे जमले तरी ते फार झाले. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची खोड तर सर्वांत वाईट. हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो शिकार सोडून धावून येतो. म्हणून घरट्याची जागा कुणालाच सांगायची नाही आणि दाखवायचे ते सगळे जंगल. पालचा परिसर, चोपडा तालुक्यातले उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, हिवाळ्यात हतनूरच्या पाण्यावर उतरणारी बदके. रानपिंगळा दिसला तर नशीब.

हंगामही ठरलेला असावा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की सातपुड्यात पायी फिरणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. हिवाळ्यात तीच पायपीट हृदयाला आणि गुडघ्यांना मानवते. शिवाय भरताचा मोसमही हाच. बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी पायथ्याच्या घरात बसून खायला मिळाली, तर हॉटेल कुणाला हवे?

मला भीती वाटते ती ‘पर्यटन विकास’ या शब्दाची. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा सिमेंटचा रस्ता, कमान आणि कारंजे असा होतो. पावसाळ्यात मनुदेवीच्या धबधब्यावर आणि पाटणादेवीच्या जंगलात पत्रावळ्या, बाटल्या नि गाडीतल्या स्पीकरचा धुडगूस पाहिला, की गर्दी वाढवून काय मिळवायचे, असा प्रश्न पडतो. यावल अभयारण्य १९६९ चे, जेमतेम पावणेदोनशे चौरस किलोमीटरचे. वृक्षतोड आणि अतिक्रमण त्याला आधीच पोखरत आहे. तिथल्या पाड्यांवरच्या पावरा कुटुंबांना जंगल उभे राहिल्याचा पैसा मिळत नाही, तोडल्याचा मिळतो. हे उलटे झाले तरच पक्ष्याची ढोली शिल्लक राहील.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. या हिवाळ्यात वनविभागाने पाल परिसरातल्या पंधरा-वीस तरुण-तरुणींना वाटाडे म्हणून शिकवावे, दुर्बिणी द्याव्यात, दिवसाला किती माणसे सोडायची ते ठरवावे आणि प्रवेशशुल्कातला ठरावीक वाटा थेट पाड्याच्या समितीच्या खात्यात टाकावा. कोणत्या सागावर कोण बसतो, हे त्या मुलांना आजही ठाऊक आहे. त्यासाठी त्यांना कुणी मजुरी देत नाही, एवढेच.