सायकल, शिवणयंत्र आणि गाण्याचा क्लास



गेल्या महिन्यात बार्शीहून एका भगिनीचं पत्र आलं. मजकूर थोडका होता. मुलगी कॉलेजसाठी लातूरला गेली. तिची सायकल दारात पडून आहे. ‘‘मला ती शिकावीशी वाटते. वय ४६. घरात विषय काढला तर यजमान हसले आणि सासूबाई म्हणाल्या, ‘आता हे काय नवीन थेर!’ ताई, मी खरंच वेडेपणा करते आहे का?’’

एरवी मी चार दिवसांत उत्तर धाडते. या पत्राला तीन आठवडे लागले, कारण उत्तर देण्याआधी मला माझ्याच घरातली एक गोष्ट कबूल करायची होती.

मी सोलापूरची. पोटापाण्याचा उद्योग म्हणजे चादरींच्या नक्ष्या काढणं. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर, कमळं, वेलबुट्ट्या उभ्या करायच्या. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डच्या मागावर उतरते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ गावी जाकार नावाच्या माणसानं हे यंत्र सिद्ध केलं. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडायची. जिथे भोक तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे तो खालीच राहतो. म्हणजे पुठ्ठ्यांची माळ हीच नक्षीची आठवण. पुढे बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञानं हीच युक्ती आकडेमोडीच्या यंत्राला लावायचं ठरवलं आणि त्या यंत्राबद्दल लिहिताना १८४३ साली एडा लव्हलेस या बाईनं म्हणून ठेवलं, की असं यंत्र कदाचित संगीतसुद्धा रचू शकेल! आज मोबाईल चार ओळी सांगितल्या की गाणं रचून, गाऊन दाखवतो. तेव्हा मला त्या बाईचं कौतुक वाटतं, आणि थोडी काळजीही. काळजी का, ते पुढे सांगते.

आमच्या लहानपणी सोलापूरचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. इथली पहिली कापडगिरणी १८७७ सालची. भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. वडील त्यातलेच एक. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना त्यांनी मला जुनी लेडीज सायकल आणून दिली. आधी तासाच्या भाड्याची सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालून कैची मारत मी शिकलेच होते. त्या सायकलीवर मी नव्या पेठेत गाण्याच्या क्लासला जात असे. आणि खरं सांगू? माझा रियाज घरी फारसा झालाच नाही. दोन खोल्यांत सात माणसं. गळा काढायची सोय कुठली? सायकलीवर मात्र मी मोठ्यानं गायची. चालत्या बाईचं गाणं लोक थांबून ऐकतात, सायकलीवरच्या बाईचं गाणं त्यांना कळेपर्यंत ती पुढे गेलेली असते.

तालही मला सायकलीनंच पक्का करून दिला. उजवा पाय, डावा पाय अशा दोन मात्रा धरा. पायडलाच्या तीन फेऱ्यांत दादरा, चार फेऱ्यांत केरवा, आठ फेऱ्यांत तीनताल. मोठ्या चक्राला ४४ दाते, मागच्याला १८ आणि चाक अठ्ठावीस इंची असेल तर एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन चव्वेचाळीस मीटरचं! कुठल्या दुकानापाशी सम येणार हे मला पाठ होतं.

लग्न झालं, सायकल धाकट्या भावाकडे गेली. त्याची मला फार खंत वाटली नाही, कारण मुलगी झाली आणि तिला गळा होता.

आठवीत तिला सायकल घेतली. तीही गाण्याच्या क्लासला जाऊ लागली. २००३ साली, ती दहावीत असताना, एका संध्याकाळी मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी तिची ओढणी ओढली. ती पडली. कोपर सोललं, बाकी काही झालं नाही. पण आम्ही दोघांनी त्याच रात्री ठरवलं, सायकल बंद. आठ दिवसांत ती विकलीसुद्धा. त्या पोरांना शासन झालं नाही, सायकलीला झालं. शाळेसाठी रिक्षा लावली. क्लास पडला संध्याकाळी. रोज सोडायला-आणायला कोण जाणार? ‘परीक्षा झाली की बघू’ म्हणाले. परीक्षा झाली, बारावी झाली, कॉलेज झालं. तिची तानपुऱ्याची पेटी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. तिनं एकदाही तक्रार केली नाही, म्हणून मला वाटत राहिलं की तिला त्याचं काही नाही.

आता यंत्रांविषयी थोडं बोलू या, कारण या पानावर आपण मिक्सर, कुकर, धुलाईयंत्र यांच्याबद्दल नेहमीच बोलतो. मला पाटा-वरवंटा परत नको आहे. शेंगांची चटणी उखळात कुटलेली चवीला सरस, हे मान्य. पण रोज कुटणाऱ्या हातांना विचारा! कष्ट कमी करणारं यंत्र घरात यावं आणि बाईच्या वाट्याला तास-दोन तास मोकळे यावेत, हेच बरं.

पण यंत्रांच्या दोन जाती आहेत. एक आपलं काम आपल्याऐवजी करून टाकते. दुसरी आपण हातपाय हलवल्याशिवाय जागची हलत नाही, पण हलवले की आपली ताकद वाढवून देते. पायाचं शिवणयंत्र, हार्मोनियम, सायकल ही दुसऱ्या जातीतली. भाता थांबला की सूर थांबतो, पाय थांबला की टाका थांबतो.

शिवणयंत्र आणि सायकल तर सख्ख्या बहिणी आहेत. इंग्लंडातल्या कोव्हेंट्री गावी शिवणयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यानंच १८६९ च्या सुमारास सायकली करायला घेतल्या. तिथल्या जेम्स स्टार्ली या कारागिराच्या पुतण्यानं १८८५ साली दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल केली. आपण आज चालवतो ती तिचीच लेक. १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी धाव बसवली. आणि त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं! पुढे लोखंडी नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. म्हणजे बायकांच्या वाचनाची एक वाट सायकलीच्या दुकानावरून आली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि सायकल शिकण्याचं वय? तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालू होती. तिच्याबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया. सायकलीवर खास गाणंसुद्धा रचलं गेलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी प्रौढ होत्या, लेकुरवाळ्या होत्या. त्यांनाही कुणीतरी हसलं असेलच की!

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी पुन्हा सायकल घेतली. मुलानं हौसेनं कानात घालायची यंत्रं आणून दिली, ‘आई, गाणी ऐकत जा.’ तिसऱ्या दिवशी मागून आलेली रिक्षा मला ऐकूच आली नाही. हँडल वळलं, मी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगावर. नशीब थोर. तेव्हापासून कान मोकळे ठेवते, आणि काय काय ऐकू येतं म्हणून सांगू! पूर्व भागातून गेलं की यंत्रमागांचा खटखटाट, कुठे तेलुगू भजन, पुढच्या गल्लीत कानडी बोलणं, मग मराठी अभंग. मोटारीतून हे ऐकू येत नाही आणि पायी जाऊन इतकं गाव संपत नाही.

माझा सायकलवाला मागच्या चाकाची आऊट काढताना एकेक तार नखानं छेडून बघतो. सैल तार खाली बोलते, ताणलेली चढी. मी म्हटलं, तुम्ही तर तानपुरा लावता. तो म्हणाला, ‘‘चाळीस तारा आहेत की हो, बेसूर एक असली तरी चाक लचकतंय.’’ अमेरिकेत १९६३ साली फ्रँक झापा या तरुण वादकानं दूरदर्शनच्या कार्यक्रमात सायकलीच अशा वाजवून दाखवल्या होत्या. आमच्या सायकलवाल्याला सांगितलं तर तो फक्त हसला.

गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली. दारातली सायकल तिनं पाहिली. घंटी वाजवली, सीटवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘आई, तेव्हा हे का नाही सुचलं तुला? माझी विकण्यापेक्षा तुझी एक घेतली असती, तर आपण दोघी गेलो असतो क्लासला.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. वीस वर्षं मला वाटत होतं, आपण मुलीला जपलं.

तर बार्शीच्या ताई, तुमचं उत्तर असं: हा वेडेपणा नाही. सासूबाईंशी वाद घालू नका. पहाटे त्या उठायच्या आत मैदान गाठा. आणि या काही गोष्टी ध्यानात ठेवा.

शिकताना दोन्ही पायडलं काढून टाका. पाना उभा लावून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंचं पायडल सुटतं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून तिथेच बहुतेकांची फसगत होते. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकतील. किंचित उताराची जागा बघा आणि पायांनी ढकलत नुसतं घरंगळत जा. तोल आधी येऊ द्या. चार-सहा दिवसांत पाय आपोआप वर राहू लागले की पायडलं बसवा आणि मग सीट हळूहळू वर घ्या. पाय पायडलासकट खाली गेला असताना गुडघ्यात थोडासाच वाक राहील इतकी उंची हवी. कायम सीट खाली ठेवून चालवलं तर गुडघे दुखतात आणि दोष वयाला लागतो.

साडी नेसत असाल तर बिनदांडीची लेडीज सायकल आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. पदर खोचा, निऱ्या थोड्या वर घ्या. चेनला कव्हर असावं.

पंधरा दिवसांनी चेन जुन्या टूथब्रशनं रॉकेल किंवा डिझेल लावून साफ करा, कोरडी पुसा आणि शिवणयंत्राचं तेल थेंब-थेंब सोडा. वरचं जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटते. तेल ब्रेकच्या रबराला आणि धावेला लागू देऊ नका. उन्हाळ्यात सायकल सावलीत ठेवा. आपल्याकडच्या चव्वेचाळीस अंशांत उन्हात तापलेली ट्यूब दुपारी फुटल्याचं मी पाहिलं आहे. नऊच्या आत घरी परता. कानात काही घालू नका. रक्तदाबाचा, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ज्यांच्या घरात गाणाऱ्या बाया आहेत त्यांच्यासाठी एक. तानपुरा छेडायला दुसरं माणूस नाही म्हणून गाणं सोडू नका. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली विजेवरचा तानपुरा तयार केला, आणि आता तर मोबाईलवरही तानपुरा मिळतो. मिरजेच्या तानपुऱ्याची गोडी त्याला नाही. त्या कारागिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. पण हे यंत्र नुसता सूर धरून बसतं, तुमच्याऐवजी गात नाही. म्हणून मला ते चालतं. गाऊन दाखवणारं यंत्र मी अधूनमधून ऐकते, पण माझं गाणं मी त्याच्या हवाली करणार नाही. कपडे धुवायचं काम खुशाल घे बाबा, हे नको.

मुलीची पेटी मी माळ्यावरून काढली आहे, पुसून ठेवली आहे. तिनं अजून मागितलेली नाही. ‘वेळ कुठे असतो, आई,’ म्हणते. मी आग्रह करत नाही. तो हक्क मी २००३ सालीच घालवला. मात्र पुण्यात तिच्या मुलीला यंदा सायकल घेतली आहे, आणि स्वतःसाठीही एक बघते आहे असं परवा फोनवर म्हणाली.

बार्शीच्या ताई, मैदानाची पहिली फेरी न पडता पुरी झाली की मला दोन ओळी लिहा. पडलात तरी लिहा. आणि सायकलीवर कोणतं गाणं म्हटलंत, तेही कळवा.

तुमची,
ताई