सॅन स्टॉर्म परत यावी, पण नुसत्या नावावर पैसे देऊ नका

मोहोपाड्यात, रसायनीच्या कॉलनीत राहणाऱ्या, पाताळगंगा एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या गाडीवेड्या मित्रांनो, गोव्यात वेर्ण्याला बनलेली सॅन स्टॉर्म कुणीतरी पुन्हा काढावी, असं तुम्हाला वाटतं. मलाही मनापासून वाटतं. दोन माणसांची, फायबरच्या बॉडीची, टप उघडणारी ही गाडी १९९८च्या सुमारास आली. रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ६० एचपी. तरी हाताला मजा येते, कारण गाडी हलकी आहे.

ही आशा खुळी नाही. आपल्याच रायगडात, अलिबागजवळ कार्लेखिंडीत, चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बांधली. इंजिन इसुझूचं १.८ लिटर, अँबेसेडरमध्ये बसायचं तेच. मूळ लोटस सेव्हन १९५७ची. लोटसने ती सोडल्यावर १९७३पासून केटरहॅम या छोट्या इंग्लिश कंपनीने ती चालू ठेवली, आजही ठेवली आहे. अशा गाडीला अवाढव्य कारखाना लागत नाही, हे दोन्हीकडे दिसलं.

पण आता नवी गाडी रस्त्यावर आणायची तर बीएस-६ इंजिन हवं, एबीएस हवं, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग हव्यात. हे सगळं योग्यच आहे. त्याने जीव वाचतात. मात्र त्याचं वजन गाडीवर चढतं आणि खर्च मोजक्याच गाड्यांवर वाटला जातो. फ्रान्सची अल्पाइन ए११० १९७७ला बंद झाली आणि २०१७मध्ये नव्याने आली. जुनी सातशे किलोंच्या आसपास, नवी अकराशेच्या. तीही रेनॉसारखी कंपनी पाठीशी असताना.

म्हणून उद्या कुणी जुना फोटो आणि जुनं नाव दाखवून बुकिंग मागितलं, तर आधी विचारा: गाडीचं वजन किती? प्रमाणपत्र मिळालंय का? काच फुटली, दिवा गेला तर पार्ट कुठून येणार आणि किती दिवसांत? लेखी उत्तर मिळेपर्यंत पीएफमधला रुपयाही काढू नका. जावाचं उदाहरण जवळचं आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद झाला, नोव्हेंबर २०१८मध्ये नाव परतलं, गर्दी उसळली आणि बुकिंग केलेल्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं. तिथे तर मागे महिंद्रासारखा मोठा समूह होता.

नवीची वाट न बघता जुनीच घ्यायची असेल, तर आधी कागद बघा. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. पंधरा वर्षं उलटली असतील तर रजिस्ट्रेशन रिन्यू झालंय का आणि पर्यावरण कर भरलाय का, हे तपासा. गोवा पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागेल आणि इथला रोड टॅक्स वेगळा. कुणी ‘व्हिंटेजमध्ये करून देतो’ म्हणालं तर ऐकू नका. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं लागतात. १९९८ची गाडी २०४८मध्ये तिथे पोचेल.

मग बॉडी. फायबर गंजत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बोटाच्या पेराने ठोकत जा. टणक आवाज येता येता एकदम भद्द आवाज आला की तिथले थर सुटलेत. दाराच्या बिजागरीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्या नुसत्या रंगाच्या आहेत की आतपर्यंत गेल्यात, ते बघा. खरा धोका त्याखाली असतो, लोखंडी चॅसिसला. गोव्याची खारी हवा आणि आपला पाऊस, दोन्ही तिने सोसलेलं असतं. गाडी रॅम्पवर चढवायला लावा. सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे बोल्ट केलेत, तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. पापुद्रे निघाले तर तोंडभर स्तुती करून घरी या.

फायबरचं काम आपल्या भागाला नवं नाही. केमिकल कंपन्यांच्या एफआरपी टाक्या दुरुस्त करणारे कारागीर मॅट, रेझिन, हार्डनर रोज हाताळतात. स्टॉर्म असलेल्यांनी त्यांना गाठावं, मिळून खर्च वाटून घ्यावा आणि बंपर, बोनेट, दिव्यांच्या चौकटी धड आहेत तोवरच त्यांचे साचे काढून ठेवावेत. घाटात एकदा गाडी ठोकली की उरलेल्या तुकड्यांवरून साचा निघत नाही.