तेलाचा हात

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात पहिला आवाज होतो तो फटाक्याचा नव्हे, तेलाच्या वाटीचा. कढत पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवली की तिचा काठ खण्णकन लागतो, आणि त्या आवाजाने पांघरुणातली मुले आणखीच आत शिरतात. आमच्या गोंदियाकडे या दिवसांत धानाची कापणी सुरू झालेली असते, हवेत नव्या तणसाचा वास असतो आणि पहाटेला चांगलाच गारठा. अशा वेळी पाठीवर कोमट तेलाचा हात पडला की देवाधर्माची आठवण न करताही माणूस डोळे मिटून घेतो. वर्षातून निदान एक दिवस तरी आपल्या पूर्वजांनी हे सुख धर्माच्या नावाखाली सक्तीचे करून ठेवले, याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे!

यंदाच्या दिवाळी अंकासाठी काय लिहावे या विचारात होते, तो आमच्या मालीशवाल्या मावशी दारात उभ्या राहिल्या. मनात म्हटले, विषय आपल्या पायांनी चालत आला.

या मावशींचा हात आमच्या घरात तीस वर्षे फिरतो आहे. माझी दोन्ही बाळंतपणे त्यांनीच काढली. तरुणपणी त्या विड्या वळायच्या. तेंदूपत्ता आणि विडी हा आमच्या भागातला जुना धंदा. मान खाली घालून, सुपावर वाकून दिवसभर वळत बसायचे. मानेचे आणि खांद्याचे दुखणे त्या धंद्याबरोबर फुकट मिळते. शेजारणींच्या माना चोळता चोळता मावशींच्या हाताला गुण आला आणि विड्या सुटल्या, मालीश राहिली.

आता मालीश म्हणजे तेल घेऊन अंग रगडणे, एवढीच पुष्कळांची समजूत. पण तिचे प्रकार मोजू लागलो तर स्वयंपाकातल्या चटण्यांइतके भरतील. आपल्या आयुर्वेदाने अभ्यंग हा रोजच्या दिनचर्येतच घातला आहे. रोज सर्वांगाला जमले नाही तर डोके, कान आणि तळपाय एवढ्यांना तरी तेल लावावे, असे वाग्भट सांगतो. चरकाने दाखला दिला आहे तो घड्याचा, कातड्याचा आणि गाडीच्या आसाचा : तेल मिळाले की या वस्तू टिकतात, तसेच शरीराचे. बैलगाडीत बसलेल्या माणसाला याहून सोपे काय सांगायचे?

तेलानंतर येते ते उद्वर्तन, म्हणजेच आपले उटणे. अभ्यंग त्वचेला स्निग्ध करतो, तर उटणे वरचा मळ आणि जादा तेल ओढून घेते. आणि या सुखाची हौस राजेलोकांना किती होती पाहा! कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा जो ग्रंथ रचला, त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नानाला जशी जागा आहे तशी पादाभ्यंगालाही, म्हणजे पायांच्या मालीशीलाही, वेगळी जागा आहे. आमच्या घरातला राजा मात्र वर्तमानपत्र वाचता वाचता पाय पुढे करतो, आणि ग्रंथ वगैरे काही लिहीत नाही.

पायांवरून आठवले. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. वाटीची खालची बाजू तूप किंवा तेल लावलेल्या तळव्यावर गोल फिरवायची. थोड्या वेळाने तळवा काळपट होतो आणि आजी म्हणते, “बघ, अंगातली उष्णता निघाली!” खरे सांगायचे तर तो काळेपणा धातू, तेल आणि घाम एकमेकांवर घासल्याचा आहे. पण त्या घासण्याने पायांचा शीण जातो आणि झोप लागते, ही गोष्ट खोटी नाही. आजीचे कारण चुकले असेल, औषध चुकले नाही.

तालमीतल्या पहिलवानांचे मर्दन हा आणखी निराळा प्रकार. तिथे लाल मातीतही तेल, ताक, लिंबू, हळद घालतात, आणि मेहनतीनंतर एकाने दुसऱ्याचे अंग रगडायचे अशी रीत असते. केरळात तर पायाने मालीश करतात! कळरीपयट्टू शिकणारे आणि कथकली करणारे विद्यार्थी जमिनीवर पालथे पडतात आणि गुरू वर बांधलेल्या दोरीला धरून पायाच्या तळव्याने त्यांचे अंग चेपतो. त्याच केरळात ‘पिळिच्चिल’ नावाचा राजेशाही प्रकार आहे. कोमट औषधी तेलाची धार अंगावर धरून सावकाश चोळत राहायचे. तेलाचा भाव ऐकला की आपल्यासारख्यांचे दुखणे आपोआप थांबते.

साहेबांच्या देशातली पद्धत तिला ‘स्वीडिश’ म्हणतात म्हणून स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावावर चढली. पण तिच्यातले हात नीट वेगळे काढून त्यांना नावे दिली ती एकोणिसाव्या शतकातल्या योहान मेझगर नावाच्या डच डॉक्टरांनी, असे मानतात. लांब हात फिरवणे, कणकेसारखे मळणे, बोटांनी घासणे, थोपटणे आणि थरथरवणे, असे हे पाच हात. मी एकदा हे सगळे मावशींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “मंग मी तीस वर्सं दुसरं का करत होती बाई?” जपानची शियात्सू मात्र बिनतेलाची असते, अंगठ्याने नि बोटांनी ठरावीक जागी दाब देतात.

आणि आपल्या चंपीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९५७ सालच्या ‘प्यासा’ चित्रपटात जॉनी वॉकर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. पण त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी, १७५९ साली पाटण्यात जन्मलेला शेख दीन मुहम्मद नावाचा गृहस्थ इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे दुकान थाटून बसला होता! चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो चंपीवाला. १८२२ साली त्याने या विद्येवर पुस्तकही छापले. आज आपण नळाखाली डोक्यावर ज्या शाम्पूचा फेस करतो, तो शब्द या चांपण्यातूनच गेलेला आहे. माहेरची मुलगी विलायती होऊन परत आली, म्हणून आपण तिला ओळखले नाही इतकेच.

आता या सर्वांचा उपयोग काय? घट्ट झालेले स्नायू सैल होतात, त्या भागातले रक्त जरा खेळते राहते, मन निवते, झोप सुधारते. कंबरेच्या जुनाट दुखण्याला काही काळ उतार पडतो. तान्ह्या बाळांची गोष्ट तर अधिक मोलाची. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड या विदुषींनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना रोज तीनदा, पंधरा पंधरा मिनिटे, दहा दिवस हलक्या हाताने चोळून पाहिले. त्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा दर दिवशी ४७ टक्के अधिक वाढले. आपल्या सुईणींनी हे आकडे मांडले नव्हते, पण बाळाला पायांवर आडवे घेऊन त्या दुसरे काय करत होत्या?

मात्र मालीशीने चरबी वितळत नाही, झिजलेला सांधा नवा होत नाही आणि बाळाचे नकटे नाक चाफेकळी होत नाही. बाळाच्या नाका-कानात तेल तर मुळीच घालू नये. त्याच्या पोटावर हात फिरवायचा तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कारण मोठ्या आतड्याची वाटही तशीच जाते. हातापायांना चोळताना हात हृदयाकडे न्यावा. तेल कोणते, हा वाद घरोघर आहे. आमच्याकडे तिळाचे, जवसाचे, आणि जंगलाकडच्या गावांत मोहाच्या टोळीचे तेल वापरतात. तान्ह्याच्या नाजूक कातडीला मोहरीचे उग्र तेल सोसत नाही असे अलीकडच्या तपासण्यांत दिसले आहे. तिथे सौम्य तेल बरे.

इतके लिहून मी थांबले असते तर हा लेख नेहमीसारखा झाला असता. पण दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आमचे हे मुंबईला लेकीकडे गेले होते. दिवाळीच्या गर्दीत परत आले ते विदर्भ एक्स्प्रेसने, अख्खी रात्र पाय मुडपून बसूनच. दुसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. “प्रवासाचा शीण आहे, मावशींना बोलाव, दोन हात मारले की मोकळा होईल,” असे त्यांनीच फर्मावले. मीही तेल तापवले. मावशी आल्या, पाट घेऊन बसल्या, हाताला तेल लावले, आणि पोटरीवर तळवा ठेवून तशाच थांबल्या. मग दुसऱ्या पोटरीवर ठेवला. पुन्हा पहिलीवर. मला वाटले, कंटाळल्या.

त्यांनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, “बाई, मी भाऊच्या पायाले हात नाही लावत.”

“का हो?”

“एकच पाय सुजला हाय, अन् ऊन लागते. हा पाय मालीशीचा नाही, डाक्टरचा हाय. आत्ताच न्या.”

हे रागावले. सणासुदीला डॉक्टरकडे कोण जातो! मलाही क्षणभर वाटले की मावशींना आज काम नको असेल, पुढच्या घरी बोलावले असेल. असे मनात आले, हे आज लिहिताना लाज वाटते. पण त्या दारातून हलेनात. शेवटी त्यांच्या समाधानासाठी म्हणून रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीत पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : “पाय चोळला का?” नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. अशी गाठ चोळण्याने सुटली तर रक्ताबरोबर थेट फुप्फुसात जाऊन बसते, आणि मग माणूस हाती लागेलच असे नाही. रक्त पातळ ठेवण्याची औषधे कित्येक महिने चालली. आज हे ठणठणीत आहेत आणि हा लेख वाचून “माझे नाव कशाला?” असे म्हणणार आहेत. म्हणून लिहिलेले नाही.

नंतर मावशींना विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? म्हणाल्या, त्यांच्या आईने. जिथे ऊन लागते आणि सूज असते तिथे तेल लावायचे नाही. ताप असला, जखम असली, हाड मोडले असले तरी नाही. आणि लहान लेकराचे हातपाय पुन्हा पुन्हा ठणकत असतील तर चोळत न बसता त्याचे रक्त तपासायला लावायचे, हे मात्र त्या आशाताईंच्या बैठकीत शिकल्या. पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. त्या आजारात अशाच कळा येतात, आणि घरची माणसे त्याला वाढीच्या वयातले दुखणे समजून तेल लावत राहतात. ही तपासणी आता सरकारी दवाखान्यांतून होते. २०२३ सालापासून त्यासाठी देशभर मोहीमही चालू आहे.

तेल लावणारे हात पुष्कळ असतात. तेल कुठे लावू नये हे ओळखणारा हात शहाणा. शहरातल्या मोठ्या दुकानांत आज मंद दिवे, मंद संगीत आणि तासाचे भरमसाट पैसे असतात. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नाही. फक्त तिथे आडवे पडण्यापूर्वी आपला आजार, आपली औषधे आणि गरोदरपण असेल तर तेही मोकळेपणी सांगावे, आणि समोरचा माणूस ते विचारतो की नाही एवढे पाहावे.

परवा मावशी आल्या तेव्हा उठताना त्यांनी उजवा खांदा धरला. विचारले तर हसल्या. “म्हातारा झाला हात. रातीले झोपू देत नाही.” मी सहज म्हटले, “मग घरी कोणाकडून चोळून घेत जा ना.” त्या काही बोलल्या नाहीत, तेलाची बाटली पिशवीत ठेवू लागल्या. तीस वर्षे ज्या बाईचा हात आमच्या घरातल्या प्रत्येक पाठीवरून फिरला, तिच्या पाठीला तेल कोण लावतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्यांना मी आधी डॉक्टरांकडे नेले; त्यांचाच नियम त्यांना लावला. खांदा आखडला आहे, शेक, व्यायाम आणि हलकी मालीश चालेल, असे डॉक्टर म्हणाले. तेव्हा यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे पाट दोन मांडायचे ठरले आहे. एकावर रीतीप्रमाणे हे बसतील. दुसऱ्यावर मावशींना बसवणार आहे. त्या “नाही नाही” म्हणून अंग चोरतील, मला ठाऊक आहे. हातही माझा तितका चांगला नाही. मळणे कुठे संपते नि थोपटणे कुठे सुरू होते ते मला अजून उमगलेले नाही. पण तेल कोमट असेल.

वाचकहो, तुमच्याही घरी त्या पहाटे वाटी खणखणेल. मुलांना लावून झाले, कर्त्या पुरुषाला लावून झाले, की वाटीत थोडे तेल उरतेच. ते कोणाच्या वाट्याला आजवर आले नाही, एवढे जरा आठवून पाहा. दिवाळी सुखाची जावो.