तांब्याच्या तारेचा निरोप आणि आपली हुकलेली संधी

- खास प्रतिनिधी

स्पेनमधील 'टेलिफोनिका' कंपनीने २०२५ मध्ये तांब्याच्या तारांवर चालणारी आपली अखेरची टेलिफोन केंद्रे बंद केली. ब्रिटनमधील जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ पर्यंत इतिहासजमा करण्याचे ठरले आहे. तांब्याच्या तारेला जगभर निरोप दिला जात असताना तिने काय दिले आणि आपण तिच्याकडून काय घेतले, याचा हिशेब मांडायला हवा.

ही तार घातली गेली ती केवळ आवाजासाठी. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात संभाषण चाले. त्यामुळे मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट्सवरून वाढत वाढत १९९८ मध्ये ५६ किलोबिट्सवर येऊन थांबला. मात्र, ही मर्यादा तारेची नव्हती, तर टेलिफोन केंद्राची होती. घर ते केंद्र एवढ्या अंतरात तार त्याहून कितीतरी अधिक वारंवारता वाहून नेऊ शकत होती.

अडचण होती ती शेजाऱ्यांची. एकाच केबलमधील शेकडो जोड्यांचे संदेश एकमेकांत मिसळत. अमेरिकेतील 'बेलकोर'चे जोसेफ लेकलायडर यांनी दाखवून दिले, की ग्राहकाकडे येणारा वेग जास्त आणि जाणारा कमी ठेवल्यास हा उपद्रव बराच घटतो. 'एडीएसएल'मधील 'ए' म्हणजे हीच असमानता. स्टॅनफर्डचे जॉन चॉफी यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या पद्धतीत उपलब्ध पट्टा २५६ अरुंद कप्प्यांत विभागला जातो. दोन्ही टोकांना बसवलेले ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश धाडणारी व स्वीकारणारी यंत्रे, प्रत्येक कप्पा तपासतात. जेथे गोंगाट कमी तेथे अधिक बिट्स, जेथे जास्त तेथे कमी वा शून्य. १९९३ मधील चाचण्यांत हीच पद्धत सरस ठरली आणि अमेरिकेत तिला मानक म्हणून मान्यता मिळाली. तार जुनीच राहिली. शहाणपण टोकांना आले.

भारतात हे शहाणपण पोहोचले, पण धोरण मागे राहिले. सरकारी टेलिफोन कंपन्यांकडे कोट्यवधी तारा होत्या. या तारा खासगी सेवादारांसाठी खुल्या कराव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ मध्ये केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने तशी सक्ती करण्याचे टाळले. २५६ किलोबिट्सला 'ब्रॉडबँड' म्हणणाऱ्या या धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात त्या वर्षाअखेरीस निम्म्याहून थोड्याच अधिक जोडण्या झाल्या. अपयशाचे सारे खापर या एका निर्णयावर फोडता येणार नाही. पण स्पर्धेचा एक दरवाजा त्यामुळे बंद राहिला, हे नाकारता येत नाही.

आता फायबरचे युग आहे. मात्र, तांब्याच्या तारेतून फोनला वीजही मिळत असे. काचेच्या तंतूतून ती मिळत नाही. ब्रिटनमध्ये स्थलांतरानंतर वृद्धांची आपत्कालीन सूचना यंत्रे बंद पडल्याचे गंभीर प्रकार घडले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारला सक्तीचे स्थलांतर थांबवायला लावावे लागले. आपल्याकडे भारनियमन ज्यांनी सोसले आहे, त्यांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. तार बदलणे सोपे आहे. ती कोणासाठी खुली असेल आणि वीज गेल्यावर ती कोणाच्या उपयोगी पडेल, हे आधी ठरले पाहिजे.