विषय कोणीं निवडावे?

मृग नक्षत्र लागलें कीं यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकरी कपाशीच्या बियाण्याची निवड करूं लागतो. शेजाऱ्यानें कोणतें वाण लावलें एवढ्यावरून शहाणा माणूस निर्णय करीत नाहीं. आपलें रान भारी कीं हलकें, हें तो आधीं पाहतो. त्याच सुमारास सुशिक्षितांच्या घरीं मुलांच्या विषयांची निवड चालते. तेथें मात्र रान कसें आहे, हें क्वचितच पाहिलें जातें.

माध्यमिक शाळेंत हा प्रश्न प्रथम येतो तो भाषेच्या रूपानें. संपूर्ण संस्कृत घ्यावें, कीं पन्नास गुणांची हिंदी व पन्नास गुणांचें संस्कृत असा संयुक्त विषय घ्यावा? आमच्या वाचकांच्या घरीं बहुधा संपूर्ण संस्कृत ठरतें, आणि कारण विचारल्यास ‘त्यांत गुण चांगले पडतात’ असें उत्तर मिळतें. तें खोटें नाहीं. परंतु केवळ गुणांकरितां घेतलेलें संस्कृत दहावीच्या निकालाबरोबर संपतें. याच जिल्ह्यांतील वणी येथें १८८० सालीं जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनीं वकिली, राजकारण व बिहारचें राज्यपालपद सांभाळलें, आणि तरीहि लोकमान्यांचें चरित्र संस्कृत पद्यांत रचलें. त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या ग्रंथास त्यांच्या पश्चात् १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मनापासून धरलेला विषय जन्मभर सोबत करतो तो असा.

अकरावीस ही गांठ अधिक घट्ट होते. गणित व जीवशास्त्र दोन्हीं घेतलीं म्हणजे अभियांत्रिकी व वैद्यकी हीं दोन्ही दारें उघडीं राहतात, अशा समजुतीनें घरचीं वडील माणसें दोन्ही विषय पक्के करतात. परंतु राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेंत गणिताचा गट निराळा व जीवशास्त्राचा निराळा. वैद्यकीची परीक्षा अखिल भारताची. आणि बारावीची परीक्षा आहेच. हा सारा भार एकाच उन्हाळ्यांत एकाच मुलाच्या माथीं येतो. शिवाय एकदां मिटलेलें दार कायमचेंच मिटलें, असेंहि आतां राहिलें नाहीं. बारावीस जीवशास्त्र न घेतलेल्यांस तें मागाहून जादा विषय म्हणून उत्तीर्ण होऊन वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेस बसण्याची मोकळीक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२३ सालीं दिली.

द्विलक्षी अभ्यासक्रम म्हणून आणखी एक वाट आहे. दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांच्या जागीं पीकशास्त्र, संगणकशास्त्र यांसारखा दोनशें गुणांचा विषय घेतां येतो. ज्या महाविद्यालयांत ही सोय असेल तेथें तिचा विचार अवश्य व्हावा. मात्र तीपायीं मराठी किंवा संस्कृत सुटतें, हेंहि ध्यानांत असावें.

हा उपदेश आम्ही निर्दोषपणाच्या आसनावरून करीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याचे विषय आम्हीं वडील मंडळींनीं ओसरीवर बसून ठरविले. त्याचा ओढा पीकशास्त्राकडे होता. आम्हीं गणित व जीवशास्त्र दोन्हीं घ्यावयास लावलीं. तो ‘बरें’ एवढेंच म्हणाला, आणि तो होकार आहे असें आम्ही समजलों. बारावीच्या वर्षीं त्याची झोप गेली, अन्नावरची वासना उडाली. आणि एके दिवशीं गणिताची जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका त्यानें मुकाट्यानें आजीच्या हातीं ठेवली. आजीस गणित येत नव्हतें. पण काय झालें तें तिला सर्वांच्या आधीं कळलें. पुढें तो कृषिशिक्षणाकडेच वळला, परंतु एक वर्ष गमावून. तें वर्ष आमच्या खातीं मांडलेलें आहे.

म्हणून आमची सूचना एवढीच. कोणत्या विषयानें कोणती वाट खुली राहते, याची माहिती वडिलांनीं जमवावी व मुलापुढें ठेवावी. शाळा, शिकवणी व झोप यांचे तास त्याच्यासह बसून मोजावे. मग आठ दिवस त्यास विचार करूं द्यावा. आणि ‘बरें’ याहून दुसरें एखादें वाक्य त्याच्या तोंडून निघेपर्यंत अर्जावर सही करूं नये.