प्रौढ विद्यार्थी आणि इंग्रजीचा वर्ग

राजारामपुरीतून किंवा शाहूपुरीतून सायंकाळी कोणी पायी निघाला, तर इंग्रजी बोलावयास शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या त्याच्या नजरेस पडल्यावाचून राहावयाच्या नाहीत. कोणी तीन महिन्यांत, कोणी दोन महिन्यांत, तर कोणी एकाच महिन्यात अस्खलित इंग्रजीची हमी देतो. या पाट्यांखालून आत जाणारे सर्वच जण शाळा-कॉलेजातील पोरे नसतात. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीतील सकाळपाळी उरकून आलेला कारागीर त्यांत असतो, गुजरीतील पेढीवरचा कारकून असतो, मुलांचा अभ्यास आपणांस घेता यावा म्हणून स्वयंपाक आटोपून आलेली माउलीही असते. या प्रौढ विद्यार्थ्यांकडून वर्गाने कोणती अपेक्षा धरावी, आणि त्यांनी वर्गाकडून कोणती धरावी, याचा विचार आमच्या नगरात जितका व्हावयास पाहिजे तितका झालेला नाही. तो आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

या विषयाची निकड अलीकडे दोन गोष्टींनी वाढली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप त्यामुळे वाचली, ही मोठीच सोय झाली. परंतु तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयात मराठी चालत असली, तरी उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदान्वये इंग्रजीत चालते. न्यायमंदिर दाराशी आले, तरी त्यातील कागद पक्षकाराला परकाच राहिला. दुसरी गोष्ट आमच्या चपलेची. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; आणि जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने तशाच घाटाच्या चपला मिलानच्या प्रदर्शनात मूळ ठिकाणाचा उल्लेख न करता मांडल्या. येथून हरकत गेल्यावर कंपनीने हे ऋण मान्य केले, व जुलैमध्ये तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन कारागिरांस भेटले. असे परदेशी व्यवहार बहुधा ज्या कागदांवर पक्के होतात, ते मराठीत लिहिलेले नसतात. वकिलाचे काम पक्षकाराने करावे, किंवा दुभाष्याचे काम चांभाराने करावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपण कशावर सही करीत आहोत, तारीख कोणती पडली, रक्कम किती ठरली, आणि आपले नाव देणाऱ्यांत आहे की घेणाऱ्यांत, एवढे ज्यास स्वतः वाचता येत नाही, तो मनुष्य कितीही हुन्नरी असला तरी परस्वाधीनच होय.

येथे कोणी म्हणेल की, हा तर मायबोलीचा द्रोह झाला. आम्हांस तसे मुळीच वाटत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आम्हांसही आहे. न्यायालयात व कचेरीत मराठीचा अधिकार वाढावा हीच आमची इच्छा. पण तो वाढेपर्यंत ज्याच्या जमिनीचा दावा अडकला आहे, त्याने काय करावे? नदीवर पूल व्हावा ही मागणी करणाऱ्याने तोवर पोहणे शिकू नये, असे शहाणपण आम्हांस कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाट्यांवरील हमीचा आम्ही साधा हिशेब करून पाहिला. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, असे तीन महिने म्हणजे १३ आठवडे एकही नागा न करता शिकले, तर भरतात अवघे ७८ तास. केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा अंदाज असा की, अगदी जुजबी व्यवहारापुरत्या पायरीस पोहोचण्यास सुमारे १८० ते २०० तासांचे शिक्षण लागते, आणि ओळखीच्या विषयावर स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येण्यास ३५० ते ४००. म्हणजे रोज तासभर देणाऱ्यास त्या दुसऱ्या पायरीकरिता सव्वा वर्षाच्या आसपास लागणार. उलट बाजूनेही पाहा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषाशिक्षण संस्था आहे, ती आपल्या अधिकाऱ्यांस कामकाजापुरती हिंदी यावी म्हणून ४४ आठवडे, सुमारे ११०० तास धरते. आणि ते अधिकारी पगार घेऊन दिवसभर तेवढाच उद्योग करतात. जी गोष्ट त्यांस ११०० तासांत साधते, ती आमच्या थकलेल्या कारागिरास ७८ तासांत साधेल असे सांगणे, म्हणजे त्याच्या गरजेचा बाजार मांडणे होय. आणि तीन महिन्यांनी तो जेव्हा निराश होऊन बाहेर पडतो, तेव्हा वर्गास दोष देत नाही. आपल्या डोक्यासच दोष देतो. ही हानी फीच्या पैशांहून मोठी आहे.

म्हणून विद्यार्थ्याकडून पहिली अपेक्षा धीराची. दुसरी हजेरीची. मोठ्या माणसाच्या मागे संसार आहे, लग्नकार्ये आहेत, सुगी आहे, हे आम्ही जाणतो; पण भाषा ही साठवून ठेवावयाची जिन्नस नव्हे. आठवडाभर खंड पडला की मागचे निसटते. तिसरी अपेक्षा तोंड उघडण्याची. चुकेन, मग चारचौघांत हसे होईल, हे भय लहान मुलास फारसे नसते. बाजारात ज्याच्या शब्दास किंमत आहे त्यास ते फार असते. परंतु न चुकता कोणीही भाषा शिकला नाही. आमच्या मागल्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी वाचावयास शिकून घेतले, पण त्यांतील पुष्कळांची जीभ शेवटपर्यंत वळली नाही. आजच्या वर्गांत नेमके उलट होते: शंभर वाक्ये पाठ होतात आणि साधी नोटीस वाचता येत नाही. दोन्ही शिक्षणे अर्धी होत. चौथी अपेक्षा अशी की, प्रौढाने आपल्या आयुष्यातला कागद वर्गात आणावा. बँकेचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरील सूचना, यंत्राची माहितीपुस्तिका, मुलाच्या शाळेचे पत्र, हेच त्याचे खरे क्रमिक पुस्तक होय.

या अपेक्षा कठोर आहेत असे काहींस वाटेल. दिवसभर राबून आलेल्या माणसास अभ्यास काय द्यावा, तो आला हेच पुष्कळ, अशी दयेची भाषा आम्ही अनेकदा ऐकतो. ही दया वरून गोड दिसते, पण तिच्या पोटात अवहेलना आहे. तुझ्याच्याने व्हावयाचे नाही, हेच ती मऊ शब्दांत सांगते. ज्याच्याकडून काही मागितले जात नाही, त्यास काही दिलेही जात नाही. वस्तुतः प्रौढाची बुद्धी अनेक बाबतींत मुलाहून पक्व असते. उच्चार त्याच्या जिभेवर उशिरा बसतात खरे. पण नियमामागचे कारण तो लवकर ओळखतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. मराठीत नामापूर्वी ‘अ’ किंवा ‘द’ लावावे लागत नाही, इंग्रजीत लावावे लागते. आमच्या तू, तुम्ही आणि आपण या तिघांस तेथे एकच ‘यू’ पुरतो, आणि आदर सर्वनामात न राहता वाक्याच्या वळणात राहतो. हे एकदा मराठीत नीट उलगडून सांगितले की, साहेबास ‘यू’ म्हणताना त्याची जीभ अडखळत नाही. याच कारणास्तव वर्गात पाऊल टाकताच मराठी बंद, हा काही ठिकाणचा नियम आम्हांस हानिकारक वाटतो. सरावाच्या वेळी इंग्रजीच बोलावी हे योग्य. पण समजावण्याच्या वेळी विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे भांडवल दाराबाहेर काढून ठेवावयास लावणे योग्य नव्हे.

मात्र अपेक्षा एकतर्फी असू नये. या बाबतीत करवीरास बाहेरचे गुरू शोधण्याचे कारण नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, व मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. दंडाची ही गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. तेच शिक्षण मोफतही केले होते, ही गोष्ट तितकी राहत नाही. १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांकरिता मिस क्लार्क वसतिगृह, अशी सोय आधी उभी राहिली आणि सक्ती मागून आली. सोयीवाचून केलेली सक्ती हा जुलूम होतो, आणि सक्तीवाचून केलेली सोय बहुधा वाया जाते. जर्मनीत २००५ पासून परदेशातून आलेल्या प्रौढांकरिता भाषेचे वर्ग चालतात. तेथे पुष्कळांस हजेरी बंधनकारक असते. पण त्याबरोबर सर्वसाधारण वर्गात भाषेच्या ६०० तासिकांची व्यवस्था सरकार करते. तत्त्व तेच.

तेव्हा वर्गाकडून आमची मागणी अशी. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हाती मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा: किती तास शिकविणार, तेवढ्या तासांत काय येईल, काय येणार नाही, घरी किती वेळ द्यावा लागेल, फी किती व सोडल्यास परत किती. ज्यास मुळाक्षरे येत नाहीत त्यास पदवीधराशेजारी बसवून लाजवू नये. चुकणाऱ्यास हसणाऱ्याचे तोंड शिक्षकाने पहिल्याच दिवशी बंद करावे.

आणि नगराकडूनही मागणी आहे. महानगरपालिकेच्या शाळांच्या खोल्या सायंकाळी मोकळ्या असतात. त्यांतील काही या कामास मिळाव्यात. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर ज्या गावात आहे, तेथे प्रौढांकरिता सोप्या इंग्रजी वाचनाचे एक कपाट व आठवड्यास एक वाचनबैठक अशक्य नाही. कारखानदारांनी शिकणाऱ्या कामगारास दर आठवड्यास पाळी बदलू नये. एवढ्यानेही पुष्कळ गळती थांबेल. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमकऱ्यांकरिता रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्याची वेळ ओळखूनच. स्त्रियांच्या वर्गाची वेळ दुपारची असावी. आणि घरच्यांनी तेवढा तास त्यांच्याकडून दुसरे काम मागू नये. रमाबाई रानडे लग्नानंतर इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा त्यांस घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसावे लागले, हे त्यांनीच आपल्या आठवणींत सांगितले आहे. त्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. या वयात आता काय मडमीण व्हायचे आहे काय, हा प्रश्न अजूनही आमच्या घरांतून ऐकू येतो, ही लाजेची गोष्ट आहे.

दसरा चौकात महाराजांचा पुतळा उभा आहे, आणि त्याच्या आसपास त्यांच्या काळची वसतिगृहे आहेत. जयंतीस तेथे हार घालणे सोपे. त्यांच्या नगरीतील चाळिशीचा कारागीर भीतभीत इंग्रजीच्या वर्गात शिरला असता त्यास खरा हिशेब सांगणे, त्याच्याकडून पुरे काम मागणे, आणि ते काम करता येईल अशी वेळ व जागा त्यास देणे, हे त्याहून कठीण आहे. तेच आम्ही करवीरकरांकडे मागत आहोत.