अक्षता पडतात तेव्हा

आमच्या शेजारची सातवीतली मुलगी एका एकपात्री स्पर्धेत उतरली आहे. बारा मिनिटांचा प्रयोग मोबाइलवर चित्रित झाला, तो दीड जीबीचा. अर्जात मात्र मर्यादा ५० एमबीची. तिच्या बाबांनी तीन रात्री जागवल्या. पहिल्यांदा फाइल झाली ११८ एमबी, नंतर ७१, आणि वैतागून ‘क्वालिटी’ची पट्टी तळाला नेली तेव्हा २२. ती अर्जात बसली खरी, पण पोरीच्या डोळ्यांतलं पाणी त्यात दिसेना. रविवारी सकाळी ते लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. वहीत हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. वही काढली.

फाइलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ५० एमबी म्हणजे ४०० मेगाबिट. बारा मिनिटांचे सेकंद ७२०. भागाकार केला की सेकंदाला साधारण ५५५ किलोबिट येतात. त्यातले ९६ आवाजाला दिले, थोडी जागा मोकळी सोडली, चित्रासाठी ४३० उरले. इतक्या कमी बिटांत १०८० ओळींचं चित्र फाटतं, म्हणून ते ४८० ओळींवर आणलं. ‘हँडब्रेक’ नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सरासरी बिटरेट लिहायला चौकट असते, तिथे आकडा घातला आणि व्हिडिओ दोन फेऱ्यांत करायला सांगितला. पहिल्या फेरीत तो हालचाल कुठे जास्त आहे ते पाहून घेतो, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटतो. फाइल झाली ४७ एमबी. डोळ्यांतलं पाणी दिसत होतं.

मला राग येतो तो त्या ‘क्वालिटी’च्या पट्टीचा. ती सरकवली की दर्जा ठरतो, आकार ठरत नाही. आकार चित्रात काय चाललं आहे त्यावर जातो. ही साधी गोष्ट पट्टीशेजारी कुणी लिहीत नाही आणि माणसं तीन-तीन रात्री अंदाज बांधत बसतात. स्पर्धा घेणाऱ्यांनीही एमबीची मर्यादा घालताना आधी मिनिटं मोजावीत.

मुलीचं नशीब असं, की तिच्या मागे साधा पडदा होता आणि समोर ती एकटी. न हलणारं चित्र फारशी जागा मागत नाही. मागच्या चौकटीत होतं तेच पुढच्या चौकटीत असेल, तर ते पुन्हा लिहावं लागत नाही. हे तिच्या बाबांना सांगता सांगता मी थांबलो. मला ताईचं लग्न आठवलं.

ताईचं लग्न १९९६ सालचं. शूटिंगवाल्याने दिलेली व्हीएचएस कॅसेट सात वर्षं कपाटात होती. मग सगळ्यांसारखी आम्हीही तिची व्हीसीडी करून घेतली आणि कॅसेट भंगारात दिली. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि त्याला सेकंदाला ११५० किलोबिट, कमी नाहीत आणि जास्त नाहीत. सनईवाले बसले आहेत, भटजी बसले आहेत, तोवर ते पुरतात. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते आणि मांडवभर अक्षता उडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. मागच्या चौकटीतलं पुढच्या चौकटीत काहीच कामी येत नाही. बिट तेवढेच. मग चित्राचे चौकोन चौकोन होतात.

त्या चौकोनांत आमचे बाबा आहेत. ताईच्या मागे उभे, हात वर, मुठीत तांदूळ. त्यांचं हलतं-बोलतं चित्र आमच्याकडे तेवढंच, आणि लग्नातला सगळ्यात मोठा क्षण आला की नेमका त्यांचा चेहरा फुटतो. कॅसेटवर तो असा फुटलेला नव्हता. तेव्हा मी लहान नव्हतो, कॅसेट ठेवू या असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. एकदा टाकून दिलेले बिट कुठल्याही प्रोग्रॅमने परत आणता येत नाहीत. नवा प्रोग्रॅम फार तर अंदाजाने एक चेहरा रंगवेल, तो बाबांचा नसेल.

आज तीच चूक घरोघर होते आहे, फक्त वेगाने. बारशाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला की जाताना तो आवळला जातो. सगळ्यांना मिळाला म्हणून आपण निश्चिंत होतो आणि मोबाइल भरला की मूळ व्हिडिओ पुसून टाकतो. उरते ती आवळलेली नक्कल. मुंज, डोहाळजेवण, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, सगळ्यांची हीच गत.

म्हणून एवढंच मागतो. पाठवायला छोटी प्रत जरूर करा, भागाकार करून नीट करा. पण मूळ व्हिडिओ आधी पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्या, दोन्हीकडे उघडतो ना ते पाहा, आणि मगच मोबाइलमधला पुसा. हे काम या रविवारी करा.